मोनॉपॉली की कॅटन: मुलांसाठी कोणता खेळ घ्यावा?

मुलांना आर्थिक व्यवहारांची ओळख खेळातून करून द्यायची ठरली की बहुतेक पालक मोनॉपॉली आणि कॅटन या दोन पटावरच्या खेळांपाशी येऊन अडतात. उन्हाळ्याच्या सुटीत इंदूरला आमच्याकडे जमणाऱ्या भाचरांसाठी मी दोन्ही खेळ घेतले आहेत, त्यामुळे पुढील मत त्यांच्या डावांवरूनच बनलेले आहे.

मोनॉपॉलीत भाडे आणि गहाण या गोष्टी उत्तम कळतात. गहाण टाकलेली जागा सोडवताना घेतलेल्या रकमेवर १० टक्के जादा मोजावे लागले की मुलांना व्याज वेगळे शिकवावे लागत नाही. अडचण पुढे येते. सगळ्या जागा विकल्या गेल्यावर एका रंगाचा संच पूर्ण करणारी शेवटची जागा आमच्याकडे कोणी कोणत्याही किमतीला सोडत नाही, आणि मग फासे टाकणे व भाडे चुकते करणे एवढेच उरते. ज्याचे दिवाळे लवकर निघाले तो तर तासभर नुसता बघत बसतो. या खेळाचे मूळ असलेल्या ‘द लँडलॉर्ड्स गेम’चे पेटंट लिझी मॅगी यांना १९०४ मध्ये मिळाले आणि जमिनीच्या मक्तेदारीचे दुष्परिणाम दाखवणे हाच त्यांचा हेतू होता, हे खरे, परंतु तो धडा मोठ्यांनी उलगडून सांगावा लागतो, मुलांच्या वाट्याला कंटाळाच येतो.

क्लाउस टॉयबर यांनी रचलेल्या कॅटनमध्ये (१९९५) वीट, मेंढी, गहू, खनिज अशा मालाचे पत्ते मिळवून रस्ते, वसाहती आणि शहरे बांधायची असतात, आणि अदलाबदलीत त्या मालाचा भाव खेळाडूंनीच ठरवायचा असतो. सुरुवातीला रस्ते आणि वसाहती बांधायच्या असल्याने विटेला मागणी असते; मोठी भाची एका विटेसाठी दोन मेंढ्या मागते आणि धाकटा कुरकुरत का होईना देतो, कारण खेळातल्या बँकेत हव्या त्या मालाच्या एका पत्त्यासाठी एकाच प्रकारचे चार पत्ते द्यावे लागतात. पुढे शहरांसाठी गहू आणि खनिज लागू लागले की त्याच विटेला कोणी विचारत नाही.

कॅटन महाग आहे, मूळ संचात चौघांनाच खेळता येते आणि खेळातल्या दरोडेखोराने मालाचा पत्ता पळवला की लहानगे रुसतात. घरात पाच-सहा मुले असतील तर मोनॉपॉली सोयीची पडेल, हे मान्य करायला हवे. मुले तीन-चार आणि दहा वर्षांपुढची असतील, तर मात्र मी कॅटनच सुचवेन. फक्त त्यांची घासाघीस चालू असताना मोठ्यांनी मध्ये पडून भाव सुचवू नये.