कॉन्टॅक्ट जगलिंग शिकायचंय? तळहातावर की अंगावरून, ते आधी ठरवा

कॉन्टॅक्ट जगलिंग म्हणजे चेंडू हवेत न उडवता हातावर किंवा अंगावर फिरता ठेवण्याचा खेळ. त्याच्या नादी लागलेले बहुतेकजण सगळ्यात आधी चेंडू शोधायला निघतात आणि डोळ्यांत भरतो म्हणून पारदर्शक ॲक्रिलिकचा, म्हणजे काचेसारख्या दिसणाऱ्या कडक प्लास्टिकचा गोळा मागवून मोकळे होतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. या छंदाला दोन मोठ्या वाटा फुटतात. दोन्हींचा चेंडू वेगळा, लागणारी जागा वेगळी, आणि दुखणारा अवयवही वेगळा. वाट ठरली की खरेदीचा प्रश्न जवळजवळ सुटतोच.

पहिली वाट तळहाताची. दोन, तीन किंवा चार गोळे एकाच तळहातावर एकमेकांभोवती फिरते ठेवायचे. याला पाम स्पिनिंग म्हणतात. दुसरीत चेंडू एकच असतो. तो हवेत न उडवता बोटांवरून पालथ्या हातावर, तिथून कोपराकडे, दंडावर, छातीवरून पलीकडच्या हातात असा घरंगळत न्यायचा. हे बॉडी रोलिंग.

लवकर काय जमतं?

पाम स्पिनिंगमध्ये पहिलं यश पटकन हाती लागतं. बोटं एका गोळ्याला अंगठ्याकडे ओढतात, त्याच वेळी अंगठा दुसऱ्याला बोटांकडे ढकलतो, की झाली चकरी सुरू. दोन गोळे थोड्याच बैठकांत फिरू लागतात. खरं काम त्यानंतरचं असतं: टकटक आवाज न होता, एकाच गतीने, न अडखळता फिरणं. मग उलट दिशा, मग डावा हात, आणि तिथे जवळपास पहिल्यापासून सुरुवात. पुढे तीन गोळे येतात आणि त्या तिघांवर चौथा ठेवून मनोरा होतो.

ही विद्या स्पर्शाची आहे, नजर लागते ती फक्त सुरुवातीला. १९८६ च्या एका चित्रपटात गायक-अभिनेता डेव्हिड बोवीच्या हातात काचेसारखे गोळे लीलया फिरताना दिसतात. ते हात होते जगलर मायकेल मोशेन यांचे. बोवीच्या मागे दडून, हात पुढे काढून, गोळे अजिबात दिसत नसताना त्यांनी ते फिरवले. तुम्हाला आम्हाला तिथवर जायचं नाही, पण सराव करताना मधूनमधून डोळे मिटून पाहा. कुठलं बोट आळस करतंय, ते लगेच कळतं.

बॉडी रोलिंगची सुरुवात मात्र संथ आहे. पहिला धडा क्रेडलचा. हात पालथा धरा, बोटं किंचित फाकवा, मधलं बोट जरासं खाली घ्या, तर्जनी आणि अनामिका थोडी वर ठेवा. बोटांच्या पाठीवर जी उथळ खाच तयार होते, तिच्यात चेंडू बसतो. बसतो म्हणजे सुरुवातीला घसरून पडतोच. तो स्थिर राहू लागला की तळहातातून बोटांच्या टोकांवरून क्रेडलमध्ये आणि परत, असा बटरफ्लाय शिकायचा. इथे जवळजवळ प्रत्येकजण बोटांनी चेंडू हलकेच उडवतो. उडवायचा नाही. अख्ख्या हाताची कमान करायची, कोपर मोकळं ठेवायचं आणि चेंडूच्या खालून हात वळवायचा. हालचाल बरोबर जमली तर चेंडू बोटांच्या टोकांवरून जाताना एक क्षणही त्वचेपासून सुटत नाही, आणि तो फरक हाताला स्पष्ट जाणवतो. इथवर पोचायला चिकाटी लागते. त्याचं फळ असं की एकदा हे बसलं की हात, खांदे, छाती, डोकं, सगळं अंगच खेळात येतं. तळहाताची वाट मात्र तळहातातच राहते.

चेंडू कोणता?

पाम स्पिनिंगसाठी गुळगुळीत, जड, एकसारखे गोळे हवेत, आणि त्यासाठी ॲक्रिलिकला तोड नाही. आकार मात्र बेताचा घ्या. ६५ मिमी व्यासाचा भरीव ॲक्रिलिक गोळा साधारण १७० ग्रॅम भरतो, ७६ मिमीचा २७० च्या पुढे जातो. फरक ११ मिमीचा दिसतो, पण वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं. मोठे चार गोळे एका तळहातावर म्हणजे किलोभराहून जास्त ओझं, तेही सतत फिरतं. हात लहान असेल तर ६० ते ६५ मिमीच्या वर जाऊ नका. दोन गोळे तळहातावर शेजारी ठेवून पाहा, बाहेर लोंबत असतील तर मोठे आहेत. विकत घेण्याआधी चव घ्यायची असेल तर पूल या बिलियर्ड्ससारख्या टेबलावरच्या खेळाचे दोन चेंडू फिरवून पाहा. ते ५७ मिमीचे असतात आणि वजनाने जवळपास ६५ मिमीच्या ॲक्रिलिकएवढेच.

बॉडी रोलिंगला १०० मिमीच्या आसपासचा, पोकळ, अपारदर्शक स्टेज बॉल घ्यावा. वजन साधारण २०० ग्रॅम. तेवढाच भरीव ॲक्रिलिक गोळा ६०० ग्रॅमच्या वर जातो, आणि तो नवशिक्याच्या कपाळाजवळ नकोच. पोकळ चेंडूचा आणखी एक गुण क्वचितच कोणी सांगतं. त्याचं वस्तुमान कडेला असतं, म्हणून एकाच उतारावर तो भरीव गोळ्यापेक्षा सावकाश वेग घेतो, सुमारे सहाव्या हिश्श्याने कमी. हातावरून घरंगळताना सावरायला तेवढा अवधी मिळतो. शिवाय मोठा चेंडू मनगटाच्या हाडावर, कोपराच्या वळणावर कमी अडतो. सिलिकॉनचा चेंडूही चालतो, त्वचेला छान धरतो, पण धूळ ओढतो. काचेचा गोळा दोन्ही वाटांवर नको. तो जड असतो आणि पडला की फुटतो.

एक अपवाद सांगायला हवा. गोळा हवेत जागच्या जागी थांबलाय आणि हातच त्याच्याभोवती फिरतोय, असा भास म्हणजे आयसोलेशन. त्यासाठी पारदर्शक ॲक्रिलिकच लागतो, कारण त्यावर खूण नसते आणि तो फिरतोय हे बघणाऱ्याला कळत नाही. तुम्हाला या छंदाकडे ओढलं ते याच दृश्याने असेल, तर ७६ मिमीचा एक गोळा आणि समोर आरसा, एवढ्यावर सुरुवात करा.

जपायचं कुठे?

पाम स्पिनिंगमध्ये अंगठ्याचं मूळ आणि मनगट ते कोपर हा भाग थकतो. थकवा ठीक आहे. मुंग्या येणं, बधिरपणा किंवा टोचणारी वेदना आली की त्या दिवशी गोळे ठेवून द्या. दोन गोळ्यांमध्ये बोटाची कातडी चिमटते, म्हणून अंगठ्या काढूनच बसा. पलंगावर किंवा जाड गादीवर हात ठेवून सराव केला की गोळाही वाचतो, फरशीही वाचते आणि पायाची बोटंही. आपटून टवका उडालेला ॲक्रिलिक गोळा पुन्हा हातात फिरवू नका, त्याची कड कापते.

बॉडी रोलिंगमध्ये धोका वरून येतो: नाक, दात, चष्मा. डोक्यावर तोल धरताना मान फार मागे टाकू नका, चक्कर आली तर थांबा. हात पसरून एक गोल फिरता येईल एवढी मोकळी जागा हवी, आणि रांगतं मूल किंवा पाळीव प्राणी त्या जागेत नको.

आता एक गोष्ट जी मी प्रत्येकाला बजावून सांगतो. पारदर्शक गोळा म्हणजे भिंग. ७६ मिमीच्या ॲक्रिलिक गोळ्यातून आलेलं ऊन त्याच्या पृष्ठभागापलीकडे जेमतेम २ सेंटीमीटरवर एकवटतं, म्हणजे नेमकं खालच्या कापडावर, लाकडावर किंवा तुमच्या तळहातावर. खिडकीत शोभेला ठेवलेल्या अशा गोळ्याने आग लागू शकते. वापर झाला की जाड कापडी पिशवीत, अंधारात. उन्हात सराव करायचाच असेल तर स्टेज बॉल घ्या. आणि ॲक्रिलिक पुसायला स्पिरिट किंवा काच पुसायचं द्रावण वापरू नका, त्याने बारीक चिरा पडतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

बसल्या जागी, थोड्या वेळात, हाताला काहीतरी हवं असेल तर पाम स्पिनिंग घ्या, आणि तीन गोळे एकदमच घ्या, कारण नंतर घेतलेला तिसरा आकाराने किंचित वेगळा निघाला तर फिरण्यात खोडा घालतो. उभं राहून, अंग हलवून, नाचासारखं काही करायचं असेल तर स्टेज बॉल. अजूनही मन ठरत नसेल तर माझा कौल स्टेज बॉलला. त्याने चेंडू पडण्याची भीती जाते, आणि क्रेडल-बटरफ्लायची सवय पुढे आयसोलेशनलाही उपयोगी पडते. या वाटेने गेलात तर ॲक्रिलिक तेव्हा घ्या, जेव्हा बटरफ्लाय दोन्ही हातांनी, चेंडू न सुटता, होऊ लागेल.