देवबागला गळ टाकायला जाताय? खाडी की बाहेरचा समुद्र, आधी तिथी बघा

मालवणजवळच्या देवबागला बोट भाड्याने घेऊन चार-पाच तास गळ टाकायला बसायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो: कार्लीच्या खाडीत फिरायचं, की नदी समुद्राला मिळते त्या संगमातून बाहेर पडून निवती रॉकच्या, म्हणजे समुद्रातल्या खडकांच्या, बाजूला जायचं? मी दोन्हीकडे बसलोय. भरल्या डब्याने आलोय, रिकाम्या हातानेही आलोय. माझं मत सांगतो. आधी दिनदर्शिकेत तिथी बघा, मग बोट ठरवा. कारण जो दिवस खाडीला उत्तम, तो बाहेर फुकट जाऊ शकतो.

सगळा खेळ पाण्याच्या ओढीचा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात चढतं आणि जोरात उतरतं. खाडीतल्या माशाला हेच हवं असतं. भरती सुरू झाली की कोळंबी आणि बारीक मासळी कांदळवनाच्या मुळांत शिरते आणि तिच्या मागोमाग तांबोशी नि चणक हे मोठे मासे येतात. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, म्हणजे भरती-ओहोटी कमी आणि पाणी सुस्त, तेव्हा खाडीत तासन् तास तंगूस, म्हणजे गळाची दोरी, हलत नाही.

बाहेर याच्या बरोब्बर उलट. पाण्याखालच्या खडकांवर तळाशी गळ सोडायचा तर भांगच बरी. उधाणाला दोरीला बांधलेलं शिशाचं वजन तळाला टेकायच्या आत तंगूस तिरका होऊन बोटीच्या मागे पळतो, आणि टेकलाच तर खडकात अडकतो. अशा एका सकाळी माझ्या सात गऱ्या गेल्या. मासा एकही नाही.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडं इकडेतिकडे होतं, पण बोट ठरवायला एवढं पुरतं. पौर्णिमेच्या सकाळी पाणी पाच-साडेपाचपासून चढत असतं, म्हणजे खाडीसाठी पहाटे निघणं आलं.

आता वारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे जमिनीवरून मतलई वारे वाहतात आणि किनाऱ्याजवळचा समुद्र तळ्यासारखा पडलेला असतो. दहा-अकराच्या पुढे वारा फिरतो, खारे वारे सुरू होतात आणि तासाभरात बोट आपटायला लागते. खाडीत याचा त्रास नावापुरता. बाहेर मात्र यावरच दिवस चांगला की वाईट ते ठरतं.

माझा सगळ्यात वाईट दिवस एकादशीचा होता. बोटवाल्याने सांगितलं, आरामात नाश्ता करून नऊला या. आम्ही सहा जण, लाइफ जॅकेटं चार. तेव्हाच परत फिरायला हवं होतं, पण पैसे आधीच दिले होते म्हणून गप्प बसलो. दीड वाजता परतताना संगमावर पोचलो तेव्हा ओहोटीचं पाणी अजून बाहेर धावत होतं आणि समोरून खाऱ्या वाऱ्याच्या लाटा येत होत्या. ओहोटीची ओढ आणि लाट समोरासमोर आल्या की लाट उभी राहते, आणि वाळूचा बांध उथळ असेल तर तिथेच फुटते. दोन लाटा सरळ बोटीत आल्या. बरोबरच्या मित्राचा दहा वर्षांचा मुलगा माझा दंड धरून बसला होता; त्याच्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत दिसत होते.

चांगला दिवस अष्टमीचा. बोट दुसरी, तांडेल, म्हणजे बोट चालवणारे काका, दुसरे. पावणेसहाला सुटलो, अंगात स्वेटर. खडकावर नांगर टाकल्यावर काकांनी तर्जनीवर तंगूस कसा घ्यायचा ते दाखवलं. तांबोशी आधी दोनदा टकटक करते, तेव्हा ओढायचं नाही. मग एकदम वजन येतं. ते वजन आलं तेव्हा तंगुसाने बोटाची कातडी कापली, पण सोडला नाही. दोन तांबोश्या, एक गोबरा मासा. साडेनऊला पाण्यावर बारीक सुरकुती दिसली. काका म्हणाले, “वारो फिरलो, चला.” मासा लागत असताना त्यांनी नांगर उचलला. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, आज त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

महिन्यांचं थोडक्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्यानंतरही समुद्र निवळायला वेळ लागतो आणि खाडीचं पाणी ऑक्टोबरपर्यंत गढूळ राहू शकतं. दिवाळीनंतर मात्र समुद्र शांतच, असं धरून चालू नका: फयान वादळ २००९ च्या ११ नोव्हेंबरला आलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा लाटांचा अंदाज बघा. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर विषय संपला.

लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा पहिल्यांदाच बोटीत बसणारे असतील तर खाडीच घ्या, तिथी कुठलीही असो. मासा कमी लागेल, पण कुणी ओकारी काढत पडणार नाही, आणि खाडीतलं काळुंदर मिळालं तर तेही तव्यावर सुरेख लागतं. सुरमई किंवा गेदरसाठी (ट्यूना) बोट हळू चालवत मागून नकली मासा ओढत न्यायचा असेल तर बाहेर जायलाच हवं. तिथे तळाच्या ओढीचा तेवढा प्रश्न येत नाही, वाऱ्याचा येतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती गळ टाकू देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे आणि किल्ल्याजवळच्या गाभा क्षेत्रात मासेमारीला बंदी आहे.

फोनवर भाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: किती वाजता सुटणार, माणशी जॅकेट आहे का, आणि वारा फिरला तर परत आणणार का. तिसऱ्या प्रश्नावर जो पैसे परत मिळणार नाहीत एवढंच सांगतो, त्याची बोट मी घेत नाही. जो उलट विचारतो, “तिथी कुठली धरलीत?”, त्याच्याकडे मी पहाटे साडेपाचलाच जाऊन उभा राहतो.