भावनांसाठी वेगळा तास, की रोजच्या तासांतच?

राग आवरणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं, चूक कबूल करणं हे दुसरी-तिसरीच्या मुलांना कधी शिकवायचं? दिल्ली सरकारच्या शाळांनी जुलै २०१८ मध्ये नर्सरी ते आठवीसाठी ‘हॅपिनेस करिक्युलम’ आणला. त्यात श्वासाकडे लक्ष, गोष्ट, कृती आणि गप्पांसाठी रोजचा वेगळा तास होता, परीक्षा नव्हती. आपल्याकडे बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत २००९ मध्ये ‘मूल्यवर्धन’ हा मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यालाही स्वतःचे उपक्रम आहेत, पण जोडीचर्चा, गटकाम ही त्यातली तंत्रं भाषा-गणिताच्या तासालाही चालतात.

वेगळ्या तासाची खरी कमाई म्हणजे शब्द. रडणाऱ्या मुलाला काय झालं विचारलं, तर बहुधा ‘राग आला’ एवढंच उत्तर येतं. गोष्टीवर बोलताना रुसणं, हिरमुसणं, ओशाळणं, धास्तावणं, हेवा वाटणं असं एकेक वेगळं होत जातं. रुसलेलं आणि ओशाळलेलं मूल सारखंच खाली मान घालून बसतं. पण एकाला समजूत हवी असते, दुसऱ्याला जरा एकटं सोडलेलं बरं. हा फरक मुलांआधी आम्हा शिक्षकांनाच कळायला हवा, ते असो. अडचण अशी, की कुणी रजेवर गेलं किंवा गणित मागे पडलं की पहिला बळी याच तासाचा. आणि उरला तरी त्याचं प्रवचन व्हायला वेळ लागत नाही.

रोजच्या कामात मुरवलं तर सराव खरा होतो. जोडीदार काय म्हणाला ते आधी सांगायचं, मग आपलं मत. खिचडीच्या रांगेत, रबरावरून झालेल्या भांडणात तेच वापरायचं. मात्र बडबडं मूल जोडी ताब्यात घेतं, वर्गात गोंगाट होतो आणि शिक्षकाला सतत फिरत राहावं लागतं.

द्विशिक्षकी शाळा असेल तर वेगळ्या तासाच्या भानगडीत पडू नका. परिपाठातली दहा मिनिटं शब्दांना द्या, बाकी सगळं जोडीकामात. प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक असेल, तर आठवड्याला दोन छोटे तास जरूर ठेवा, पण जोडीकाम सोडून नव्हे. गुण मात्र कुठेच देऊ नका. प्रगती पाहायचीच असेल, तर मधल्या सुट्टीतली किती भांडणं बाईंपर्यंत न येता मिटली तेवढं वहीत टिपा.