लाँग रनच्या आदल्या रात्री: ज्वारीची भाकरी की मुगाची खिचडी?

शनिवारी संध्याकाळी सात वाजले की आई स्वयंपाकघरातून विचारते, "परात काढू, की तू कुकर लावतोयस?" ऑक्टोबर ते जानेवारी, मॅरेथॉनचं ट्रेनिंग चालू असताना, दर आठवड्याला हा प्रश्न ठरलेला. रविवारी पहाटे २५ ते ३२ किलोमीटर पळायचं असतं आणि आदल्या रात्री पोटात काय जातं यावर त्या पळण्याचं बरंच काही ठरतं. मी दोन्ही बाजूंनी मनापासून जेवलेला माणूस आहे. आमचं मूळ गाव मंगळवेढ्याकडचं, त्यामुळे ज्वारी रक्तात. सासर मावळातलं, तिथे इंद्रायणीच्या भाताशिवाय पान वाढत नाहीत. घरात दोन्ही पदार्थ सारख्याच प्रेमाने होतात, म्हणून निवड करताना सोय आड आली नाही.

तुम्ही पळत असाल तर कार्ब्स का लागतात, ग्लायकोजेन म्हणजे काय (स्नायूंत आणि यकृतात साठलेली कार्ब्सची शिदोरी), हे सांगायला नको. पोळीबद्दलही फार लिहीत नाही. ती या दोघींच्या मधे कुठेतरी बसते आणि मला तिचा त्रासही नाही, ओढही नाही. खरा प्रश्न भाकरी की खिचडी हाच.

आधी भाकरी, कारण तिचं पारडं मुळात जड आहे. रोजच्या जेवणात मी तिला कशासाठीही सोडणार नाही. आई आधणाचं पाणी पिठावर ओतते, जरा निवू देते आणि मग तळहाताच्या टाचेने मळत बसते. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो, जो काही बांधा येतो तो गरम पाण्याने आणि मळण्याने. थापताना भाकरी परातीत आपोआप गोल फिरते, तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरतो, आणि उलटून निखाऱ्यावर, म्हणजे आता गॅसवर, गेली की टम्म फुगते. तो वरचा पापुद्रा सोडवून त्यात तूप आणि मीठ घालून आई पहिला घास मला देते. बेचाळीस वर्षांचा झालो तरी देते. ट्रेनिंगच्या दिवसांत भूक अशी लागते की दोन भाकऱ्या कुठे गेल्या कळत नाही, आणि तरी जेवणानंतर जडपणा नसतो, रात्रभर पोट भरलेलं राहतं. सोमवार ते शुक्रवार मी भाकरीवरच पळतो आणि आठवड्याचे ५५ ते ६० किलोमीटर होतात.

खिचडीची बाजू पहिल्यांदा बघितली तर फारशी आकर्षक वाटत नाही. तिला आमच्याकडे आजाऱ्याचं जेवण समजतात. आई पहिल्या वर्षी स्पष्टच म्हणाली, "अरे, भात खाऊन कोणी एवढं पळतं का? मधेच गळून जाशील." तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. आठ वाजता खिचडी जेवलो तर साडेदहाला पुन्हा काहीतरी हवंसं वाटतं, आणि पहाटे साडेतीनला उठायचं असताना ते परवडत नाही. सुरुवातीचे दोन-तीन शनिवार मला हाच अनुभव आला. नंतर लक्षात आलं, की मी खिचडी आजाऱ्याच्या मापानेच घेत होतो.

आकड्यांनी बघायचं तर दोन्ही जवळजवळ बरोबरीत उतरतात. दोन भाकऱ्यांना साधारण १६० ग्रॅम पीठ लागतं. माझ्या एका वेळच्या खिचडीला १२० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम मुगाची डाळ. दोन्हींतून शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास कार्ब्स मिळतात आणि प्रथिनंही उन्नीस-बीस. तांदळात लायसिन, म्हणजे प्रथिनांतला एक गरजेचा घटक, कमी, डाळीत ते भरपूर, म्हणून दोघांची जोडी जमते. ज्वारीतही लायसिन कमीच असतं, त्यामुळे भाकरीबरोबर वरण किंवा पिठलं घेतलं तर तिथेही तेच साधतं. खरा फरक आहे तो तंतूंचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतू दिलेत, पांढऱ्या तांदळात ३ च्या आत. एरवी हा फरक भाकरीच्या बाजूने मोजायचा. आदल्या रात्री मात्र तो उलटा मोजावा लागतो, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

राजाराम पुलापासून सिंहगड रस्त्याने खडकवासल्याच्या धरणापर्यंत जाऊन-येऊन २५ एक किलोमीटर होतात. नोव्हेंबरातला रविवार होता. शनिवारी रात्री दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, मेथीची भाजी आणि कच्चा कांदा, असं भरघोस जेवण झालं होतं. पहाटे पाचला निघालो, धरणावर पोचेपर्यंत पाय इतके छान चालत होते की परतीला वेग वाढवावा का, हा विचार मनात होता. वळलो आणि तीन-चार किलोमीटरांत ओटीपोटात कळ आली. एकदा आली, गेली. पुन्हा आली ती गेलीच नाही. सकाळचे पावणेसात. हॉटेलांची शटरं बंद. एक सार्वजनिक शौचालय लागलं, त्याला बाहेरून कुलूप. ज्या वेळेला रस्त्यावर पळणारे, चालणारे, दूधवाले, फुलवाले सगळे असतात त्याच वेळेला ते बंद का असावं, याचा राग मला आजही येतो. आणि माझ्या ओळखीतल्या पळणाऱ्या बायकांना हीच अडचण किती जास्त सोसावी लागते, तेही त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. शेवटी एका चहाच्या टपरीवाल्या काकांनी माझा चेहरा बघून काही न विचारता मागच्या घरात पाठवलं. त्या घरातल्या मावशींनी हात धुवायला पाण्याची बादली भरून दिली. उरलेलं अंतर मी चालत आलो.

एकदा झालं तर माणूस सोडून देतो. तीन आठवड्यांनी तेच झालं, आणि या वेळी मेथी नव्हती, उसळ नव्हती, साधं पिठलं-भाकरी होती. मग मी वहीत डाव्या बाजूला शनिवारचं जेवण आणि उजव्या बाजूला रविवारचं पोट लिहायला लागलो. दोन हिवाळ्यांत भाकरीच्या नऊ रात्री झाल्या, त्यातल्या पाच रविवारी कुठेतरी थांबावं लागलं. खिचडीच्या चौदा रात्रींत एकदाच थांबलो, आणि त्या दिवशी रात्री उशिरा लग्नाच्या पंगतीतून येऊन वर खिचडी खाल्ली होती. एका माणसाच्या पोटाची ही नोंद आहे, यावरून सगळ्यांसाठी नियम काढता येणार नाही. पण माझ्यासाठी तेवढी पुरेशी होती.

कारण काय असावं, यावर मी बराच विचार केला. पळताना रक्त पोटाकडून पायांकडे वळतं, आतड्यांना धक्के बसत राहतात, आणि अशा वेळी आत जितकं कमी शिल्लक असेल तितकं बरं. ज्वारीतले तंतू बारा-चौदा तासांनीही आतच असतात. शिवाय ज्वारीतली प्रथिनं पाण्यात शिजल्यावर पचायला आणखी अवघड होतात. इतर धान्यांच्या मानाने ज्वारीचा हा गुण वेगळाच आहे. रोजच्या आयुष्यात याचं काही वाटत नाही. लांब पल्ल्याला वाटतं.

भाकरीवर एक अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो. भाकरी एकटी कधीच येत नाही. तिच्याबरोबर ठेचा येतो, लसणाची चटणी येते, कांदा फोडला जातो, हरभऱ्याचं किंवा मटकीचं काहीतरी असतं. दोष तिचा किती आणि तिच्या सोबत्यांचा किती, हे नीट वेगळं करता आलं नाही. दूध-भाकरी कुस्करून खाल्ली त्या दोन्ही वेळा त्रास झाला नाही. तुम्हाला दूध पचत असेल आणि भाताचा मनापासून कंटाळा असेल, तर तो रस्ता आहे. लहान पल्ल्याला, १२-१५ किलोमीटरपर्यंत, मी भाकरीची काळजीच करत नाही.

दुसरी एक छोटी गोष्ट खिचडीच्या बाजूने जाते, आणि ती चवीची नाही, भरवशाची आहे. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून ठेवणारा चिकटपणा, जाते, भाकरी थापताना चिरते, चव कडवट होते. पीठ ताजं आणि हात सरावाचा, दोन्ही जुळलं तरच भाकरी भाकरी होते. माझा स्वतःचा हात अजून तितका बसलेला नाही. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते, पूर्ण अंतराची शर्यत पहाटे पाचच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते, आणि आदल्या रात्री मी दादरला आत्याकडे उतरतो. सत्तरीच्या बाईला "आत्या, माझ्यासाठी भाकऱ्या थापा" म्हणायला जीभ रेटत नाही. खिचडी मी तिच्याच कुकरमध्ये लावतो, तीही दोन घास घेते, आणि खिचडी घरच्यासारखीच होते. शर्यतीच्या आदल्या रात्री पोटाला नवीन काही कळू नये, हेच तर हवं असतं. परतीच्या वाटेवर पायांचं दुखणं पुरेसं असतं, त्यात पोटाची भर नको.

म्हणून, फार आग्रह न धरता, पण विचाराल तर सांगतो: शनिवारी रात्री खिचडी. तुम्ही लहानपणापासून दोन्ही वेळा ज्वारीवर वाढला असाल आणि तुमच्या पोटाने कधी तक्रार केली नसेल, तर माझं ऐकून बदलू नका. साखरेचा त्रास असेल तर एवढा भात एका वेळी घ्यावा का, हे डॉक्टरांनाच विचारा. बाकी बहुतेकांनी तीन-चार शनिवार करून बघायला हरकत नाही, आणि ते करून बघणं शर्यतीच्या आधी निदान दोन महिने सुरू व्हावं.

करताना मी ज्या चुका केल्या त्या सांगतो. पहिली चूक मापाची, ती वर आलीच. एका पळणाऱ्या माणसाला वाटीभर तांदूळ आणि त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची डाळ. घरात निम्मी-निम्मी डाळ घालायची पद्धत असते, ती त्या रात्री नको, जड होते. डाळ सालाची नाही, पिवळी धुतलेली. दुसरी चूक पाण्याची. मोकळी खिचडी ताटात छान दिसते, पण पचते ती मऊ, आसट. तांदूळ-डाळीच्या साडेचारपट ते पाचपट पाणी, हळद, हिंग, मीठ, आणि चार शिट्ट्यांनंतर गॅस बारीक करून पाच मिनिटं. इंद्रायणी असेल तर आपोआपच आसट होते. आंबेमोहोराचा वास त्याहून सुंदर, पण तो लगद्यासारखा होतो, म्हणून पाणी थोडं कमी. फोडणी फक्त तुपात जिऱ्याची, लाल तिखट नाही, शेंगदाणे नाहीत. वर एक चमचा तूप आणि लिंबाची फोड.

भाजलेला पोह्याचा पापड मी मुद्दाम घेतो. हिवाळ्यातही दोन-तीन तास पळताना घाम बराच जातो आणि त्या मिठाचा उपयोग होतो. मेतकूट अर्धा चमचा चालतं. लोणचं एरवी माझा जीव की प्राण, पण शनिवारी बरणी उघडत नाही. जेवण साडेसातला संपवतो, नऊला एक केळं खातो, म्हणजे साडेदहाची भूक येत नाही. पहाटे उठल्यावर दोन खजूर आणि एक केळं, त्याहून जास्त काही लागत नाही.

आईचं मत आता थोडं बदललंय. पहिल्या वर्षी ती शनिवारी रुसल्यासारखी करायची, कारण पोराने भाकरी नको म्हणणं तिच्या लेखी आजारपणच. आता ती शनिवारी दुपारीच गिरणीतून ज्वारी दळून आणवते. रविवारी साडेनऊच्या सुमारास मी घामाने निथळत दार उघडतो तेव्हा परातीत पीठ मळून तयार असतं आणि ती विचारते, "किती थापू, तीन की चार?" मेथी, ठेचा, कांदा, सगळं तेव्हा चालतं. मी बहुतेक वेळा चार सांगतो.