पोरांसाठी ‘पोरांचा कॅरम’ घेऊ नका

मी एसटीत कंडक्टर होतो. मे महिना म्हणजे आमच्याकडे जादा गाड्या, डबल ड्युटी आणि टपावर आंब्याच्या पेट्या. त्यामुळे माझ्या दोन्ही मुलींची उन्हाळ्याची सुट्टी मी कधी धड बघितलीच नाही. आता नातवंडांची बघतोय. तिघं येतात दीड महिना साताऱ्याला. सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाऊन येतात, संध्याकाळी ग्राउंड आहे. घोडं अडतं ते अकरा ते पाच. बाहेर ऊन, आत मोबाईल.

मागच्या वर्षी यावर उपाय म्हणून एका दुकानातून छोटा कॅरम आणला होता, ६५० रुपयांचा. डब्यावर हसणारी मुलं. दुकानदार म्हणाला, “काका, लहान मुलांना हाच बरा.” पंधरा दिवसांत त्याला मधोमध पोट आलं. मध्ये मांडलेल्या सोंगट्या आपोआप कडेला सरकायच्या. स्ट्रायकर चौकटीवर आपटला की तिथंच बसायचा, चिखलात दगड मारल्यासारखा. त्यानंतर आठवड्यात पोरं कंटाळली आणि मला वाटलं, हल्लीच्या मुलांना कॅरम नकोच आहे. चूक माझी होती. कॅरममध्ये मजा असते ती स्ट्रायकर समोरून फिरून परत येतो त्यात. पातळ प्लायवर तो येत नाही.

म्हणून या वर्षी मोती चौकाच्या बाजूच्या दुसऱ्या दुकानातून पुरा मोठा बोर्ड घेतला. आतली खेळायची जागा ७४ सेंटीमीटर, म्हणजे स्पर्धेत असते तेवढीच. चौकटीसकट पावणेतीन फूट. प्लाय ८ मिलिमीटर. स्पर्धेच्या बोर्डालाही निदान एवढी जाडी लागते. १२ मिलिमीटरचाही होता, पण तो उचलायला माणूस ठेवावा लागला असता. सांगितले २,१००, दिले १,८५०. त्यात सोंगट्या, एक स्ट्रायकर आणि पावडरीची पुडी.

घेताना मी काय बघितलं ते सांगतो, कारण दुकानदार हे सांगत नाही. खिशात सुतळी नेली होती. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात ताणून धरायची आणि डोळा बोर्डाच्या पातळीला आणून बघायचं. सुतळीखालून मध्येच उजेड दिसला तर प्लाय तिथं बसलाय. पहिले दोन बोर्ड असे बाद केले. मग स्ट्रायकर जोरात समोर मारायचा. जाऊन, येऊन, परत जाऊन निदान तीनदा चौकटीला लागला पाहिजे. आणि आवाज ऐकायचा. चांगला बोर्ड टणटणीत बोलतो, भुसभुशीत बोलला की ठेवून द्यायचा. दुकानातला पोरगा वैतागला होता, पण मी आयुष्यभर फाटक्या नोटा उलटून बघितल्यात, मला घाई नसते.

घरी आणला स्कूटरवर, थोरल्या नातवानं मागे बसून उभा धरून. वाऱ्यानं शीड झालं होतं त्याचं.

मांडायचा कुठं हा घोळ दोन दिवस चालला. उलट्या घमेल्यावर ठेवला तर गोल फिरायचा. शेवटी चार पायांचं लाकडी स्टूल आखूड करून घेतलं, आता मांडी घालून बसलं की धाकट्याचाही हात पोचतो. धाकटा साडेपाच वर्षांचा. त्याला मोठा बोर्ड झेपणार नाही असं सगळ्यांचं म्हणणं होतं. तीन दिवसांत त्याचा स्ट्रायकर समोरच्या पॉकेटपर्यंत जायला लागला. पॉकेटमध्ये स्ट्रायकरच जातो तो भाग वेगळा.

गुण आम्ही घरगुती मोजतो. काळी १०, पांढरी २०, राणी ५०. स्पर्धेत प्रत्येक सोंगटीला एक, राणीला तीन आणि २५ गुणांचा गेम असं असतं, ते थोरल्याला शिकवलंय. पण दुपारच्या खेळाला घरगुतीच बरं, कारण त्यात हिशोब आहे. ९ काळ्या, ९ पांढऱ्या, १ राणी, सगळं मिळून ३२०. डाव संपला की सगळ्यांची बेरीज ३२० आलीच पाहिजे. नाही आली तर कुणाच्या तरी मांडीखाली सोंगटी आहे. मी फक्त “वेबिल जुळत नाही” (वेबिल म्हणजे कंडक्टरचा हिशोबाचा कागद) एवढंच म्हणतो आणि पेपर वाचत बसतो. सोंगटी आपोआप निघते. दहाचा पाढा म्हणताना अडखळणारा धाकटा आता “आबा, ९० आणि १८० आणि ५०” असं धडाधडा सांगतो.

मधली नात आधी बाजूला बसायची. थोरला म्हणाला, हा मुलींचा खेळ नाही. मी त्याला चेन्नईच्या खाझिमाचं सांगितलं. रिक्षावाल्याची मुलगी, २०२४ मध्ये अमेरिकेत जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णपदकं घेऊन आली. दुसऱ्या दिवशी नातीनं त्याला राणीसकट हरवलं. सलग सराव नव्हे, नशीब होतं, पण थोरला त्यानंतर काही बोलला नाही.

आता तक्रारी. पॉकेटच्या जाळ्या एकदम फालतू. दोन जाळ्या पहिल्या आठवड्यात फाटल्या, मी जुन्या मच्छरदाणीच्या शिवल्या. सोबतचा स्ट्रायकर हलका होता आणि त्याची कड खरबरीत होती. वेगळा घ्यावा लागला, १२० रुपये. मोठ्ठा जड घेऊ नका, नियमात १५ ग्रॅमच्या वर चालत नाही आणि जड स्ट्रायकरनं सोंगट्यांचे तुकडे उडतात. एक काळी सोंगटी मुळातच चिरलेली निघाली. दुकानात नेली तर कुरकुर न करता बदलून दिली, हे त्यांच्या बाजूनं नोंदवतो.

पावडरीबद्दल घरात रोज भांडण. बोरिक पावडर फरशीवर सांडली की पाय सटकतो. आमची ही दोनदा पडता पडता वाचली. शिवाय ती पोटात जाणं बरं नाही, आणि पोरं तर खेळता खेळता आंबा खाणार. त्यामुळे खालून जुनी चादर, पावडर चिमूटभर आणि ती मीच टाकणार, आंब्याआधी साबणानं हात धुणं, असे तीन नियम केलेत. पावडर जास्त टाकली म्हणजे सोंगटी जास्त पळते असं नाही, उलट थर साचतो.

एक पांढरी सोंगटी चार दिवस हरवली होती. खोलीभर शोधलं. सापडली माजघरातल्या आंब्याच्या अढीत, पेंढ्यात. कशी गेली कुणीच कबूल केलं नाही. तेव्हापासून रोज रात्री १९ मोजूनच पेटीत जातात.

शेजारची दोन धरून पाच पोरं दीड महिना रोज खेळली. धाकट्या लेकीकडे पुण्यात मॉलमधल्या खेळघरात दोघांना तासभर सोडलं तर किती जातात ते तिला विचारा आणि माझ्या १,८५० शी ताडून बघा. या बोर्डाला माझे पाचपैकी चार गुण. एक जाळ्यांचा कापला.

जूनमध्ये पोरं गेली की बोर्ड जमिनीवर आडवा किंवा तिरका टेकवून ठेवू नका. साताऱ्याच्या पावसात ओल लागून प्लाय फुगतो. मी ओसरीच्या आतल्या भिंतीला, जिथं ओल येत नाही तिथं, दोन खिळ्यांवर सरळ उभा टांगलाय, वर जुनं धोतर. छोटा कॅरम अजून माळ्यावर आहे. कुणाला पापड वाळवायला हवा असेल तर घेऊन जा.