ओल्ड स्कूल रूनस्केप : आठ महिने खेळालोय, आता लिहितो

मागच्या जूनमध्ये पावसानं अगदी वैताग आणला होता, सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पडायची सोय नव्हती, तेव्हा हा गेम डाउनलोड केला. ऑनलाइन रोलप्लेइंग गेम आहे, आपला एक माणूस बनवायचा आणि त्याच्याकडून मासेमारी, लढाई असली कामं करून त्याला वाढवायचा. आता फेब्रुवारी संपत आला. मधला दीड महिना सोडला तर जवळजवळ रोज खेळलोय, आणि तो दीड महिना का सोडला ते पुढं सांगतो कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथंच आहे.

आधी माझं सांगतो. वय ३५, बेळगावात उद्यमबागला मशीन शॉपमध्ये नोकरी, शिफ्ट फिरती. २००७ ला टिळकवाडीत एका कॅफेत तासाला २० रुपये देऊन रूनस्केप खेळायचो. कॅफेवाला काही इन्स्टॉल करू द्यायचा नाही आणि हे ब्राउझरमध्येच चालायचं, एवढंच कारण. पुढं नोकरी, लग्न, विसरून गेलो.

त्यानंतर गेमचं जे झालं ते आता वाचून कळलं. २०१२ च्या नोव्हेंबरात त्यांनी लढाईची पद्धतच पार बदलून टाकली, जुनी माणसं चिडली, भरपूर जण सोडून गेले. मग गेम बनवणाऱ्या जॅगेक्स कंपनीनं २०१३ च्या फेब्रुवारीत मतदान घेतलं की ऑगस्ट २००७ चा बॅकअप आमच्याकडं आहे, तो पुन्हा चालू करू काय? साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि तो जुना गेम वेगळा म्हणून सुरू झाला, तोच हा ओल्ड स्कूल. सगळे शून्यातून, जुनी लेव्हल कुणालाच नाही. आणि अजून पण नवीन काही घालायचं असलं की खेळणाऱ्यांचं मत घेतात, आधी ७५ टक्के लागायचे, २०२२ पासून ७० केलेत. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला एवढी मतं कधी पडत नाहीत.

आता तुलना. याच्या आधी दोन वर्षं मी एक नवीन मोबाईल रोलप्लेइंग गेम खेळत होतो, नाव घेत नाही. दिसायला एक नंबर, पाणी बघावं तर खरं पाणी. पण उघडला की प्रत्येक आयकॉनवर लाल ठिपका. हजेरीचं बक्षीस घ्या, रोजची दहा कामं करा, आठवड्याची पाच करा, सीझन पासचे ११ दिवस उरलेत, हे घ्या ते घ्या. सकाळी कंपनीत पंचिंग करायचं आणि घरी येऊन गेममध्ये पण पंचिंगच! चंदगडला मेहुण्याच्या लग्नाला चार दिवस गेलो, तिथं धड रेंज नाही, परत येऊन बघतो तर हजेरीची साखळी तुटलेली आणि गिल्डवाल्यांनी, म्हणजे गेममधल्या माझ्या गटानं, मला काढून टाकलेलं. बिनपगारी सुट्टी परवडली की त्यापेक्षा. आणि दोन वर्षं घासून मिळवलेली तलवार नवीन सीझन आल्यावर भंगार, कारण नव्या सीझनची पहिलीच फुकटची तलवार तिच्या वरची.

इकडं उलटं. ऑक्टोबरात वडिलांचं ऑपरेशन झालं, दीड महिना गेम उघडलाच नाही. परत आलो तर माझा माणूस गेममधल्या पोर्ट सरीम बंदराच्या धक्क्यावर जिथं उभा होता तिथंच उभा. पिशवीत १४ लॉबस्टर होते, १४ च होते. कुणी विचारलं नाही कुठं होतास, काही बुडालं नाही, काही एक्सपायर झालं नाही. खरं सांगू काय, त्या दिवशी जरा भरूनच आलं. खुळ्यासारखं वाटेल पण आलं.

लॉबस्टरचं सांगायलाच पाहिजे. मासेमारी ४० लेव्हलला गेली की कारामजा बेटावर लॉबस्टर पकडता येतो. पोर्ट सरीमहून जहाजाला ३० नाणी, यायला परत ३०. पिशवीत जागा २८, त्यातली एक सापळ्याला, एक नाण्यांना, म्हणजे एका खेपेला २६ लॉबस्टर. परत धक्क्यावर येऊन बँकेच्या पेटीत टाकायचे की पुन्हा जहाज. हे मी सेकंड शिफ्ट करून आल्यावर रात्री साडेबाराला, जेवण गरम होईपर्यंत, एक डोळा गॅसवर ठेवून करतो. बायको म्हणते कंपनीत पण तेच ते, घरी पण तेच ते, तुला कंटाळा कसा येत नाही? आता काय सांगणार. कंपनीत मशीनवर काढलेला पार्ट संध्याकाळी गाडीत भरून जातो, इथला प्रत्येक मासा माझ्या नावावर राहतो.

हां, संयम लागतो. एखादी स्किल ९९ ला न्यायची तर १,३०,३४,४३१ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, आणि ९२ ला पोचलास की जेमतेम अर्धं झालेलं असतं. हे ऐकून आमचा भाचा हसून लोळला. तो दहावीला आहे, त्याच्या गेममध्ये माणूस आपोआप चालतो, आपोआप लढतो. दिवाळीत आला होता, पुढ्यात चकली आणि शेजारी फोन टेकवून ठेवलेला.

"मामा, हे काय गा, नुसते चौकोन दिसालेत."
"आणि तू काय करालास?"
"खेळालोय की."
"तू कुठं खेळालास, ते आपापलं खेळालंय. तू चकली खालास."

त्याला दोन दिवस माझा गेम दिला. पहिलं काम आचाऱ्याला केकसाठी अंडं, दूध आणि पीठ आणून देणे. गाईचं दूध काढायचं, गहू तोडायचे, गिरणीच्या वरच्या मजल्यावर घालायचे, खाली येऊन पीठ भरायचं. पीठ भरायला मडकं लागतं म्हटल्यावर त्यानं फोन ठेवला. चूक त्याची नाही, त्याला बाण दाखवणाऱ्या गेमची सवय आहे. इथं बाण नाही, वाचावं लागतं.

दुसरी गोष्ट माणसांची, आणि ही फक्त रूनस्केपची नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा असाच दुसरा ऑनलाइन गेम, २००४ चा, त्यात आधी गावात उभं राहून ओरडावं लागायचं, एक हीलर (जखमा भरून काढणारा) पाहिजे, एकच जागा हाय. अगदी वडापवाल्यासारखं, खानापूर खानापूर, एक सीट एक सीट, आणि भरल्याशिवाय गाडी हलायची नाही. मग चालत डंजनपर्यंत, म्हणजे राक्षसांच्या गुहेपर्यंत जायचं, तेवढ्या वेळात गप्पा व्हायच्या. २००९ ला त्यात बटण आलं, दाबलं की गेमच चार अनोळखी जमवून आत टाकतो. सोय झाली, नाही म्हणत नाही, पण अर्ध्या तासानं चौघं चार दिशेला, नाव पण आठवत नाही. २०१९ ला त्यांनी क्लासिक म्हणून तोच जुना गेम पुन्हा काढला तेव्हा लोक पुन्हा ते ओरडायलाच गेले. वडापमध्ये चार माणसं ओळखीची होतात, ॲपच्या गाडीत ड्रायव्हरशी पण कोण बोलत नाही.

लोक म्हणतात हे सगळं जुन्या आठवणींचं खूळ. थोडं असेल, त्या पहिल्या गावाचं संगीत वाजलं की मला कॅफेतला पंखा आठवतो. पण आमच्या कंपनीत हुक्केरीचा एक कन्नड पोरगा आहे, २४ वर्षांचा, त्यानं २००७ चं काही बघितलेलं नाही. माझं बघून सप्टेंबरात सुरू केलं आणि आता माझ्या पुढं गेलाय. त्याला कसली आठवण? तो सांगतो, अण्णा, इथं पैसेवाला पुढं जात नाही, बसणारा पुढं जातो. (पूर्ण खरं नाही, बाँड म्हणून प्रकार आहे, पैसे देऊन घ्यायचा आणि गेममधल्या सोन्याला विकायचा, म्हणजे पैसेवाल्याला रस्ता आहेच. पण तोच बाँड सोनं देऊन घेतला तर १४ दिवसांची मेंबरशिप (एरवी पैसे भरून उघडणारा गेमचा बाकीचा भाग) मिळते, गरिबाला पण रस्ता आहे. माझं तेवढं सोनं अजून जमलेलं नाही.)

फुकटच्या भागातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे ड्रॅगन मारणे. त्याची तयारी करण्यातच माझे तीन आठवडे गेले. नकाशाचे तीन तुकडे शोधायचे, एका तुकड्यासाठी खाणीतल्या दारावर रेशीम, न भाजलेला मातीचा वाडगा, लॉबस्टरचा सापळा आणि एक दारू वापरायची. मग २,००० नाण्यांना फुटकं जहाज विकत घ्यायचं, तीन फळ्या आणि ९० खिळे मारून बुजवायचं. असं सगळं करून ड्रॅगनसमोर उभा राहिलो, लॉबस्टर भरलेली पिशवी, ढाल हातात, ड्रॅगन अर्ध्याच्या खाली आलेला, आणि लाईट गेली. राऊटर बंद. फोनवर डेटा चालू करून आत येईपर्यंत माझा माणूस मरून लम्ब्रिजला, म्हणजे सुरुवातीच्या गावात, उभा. सामान मेलो तिथल्या थडग्यात, ते आणायला १५ मिनिटं वेळ, आणि खिशात कारामजाच्या जहाजाची ३० नाणी पण नाहीत! वाड्याच्या वरच्या मजल्यावर बँक, तिथून पैसे, धावत बंदर. नशीब कारामजाखालून ड्रॅगनकडं जाणारा चोरदरवाजा आधी उघडून ठेवला होता. हुक्केरीवाल्याला फोनवर ओरडून सांगत होतो, तो नुसता "होगली बिडू, अण्णा, होगली बिडू" (जाऊ दे, जाऊ दे). सामान मिळालं. ड्रॅगन दुसऱ्या दिवशी मेला, रविवारी, इन्व्हर्टरवर.

नावडलेलं पण सांगतो. बॉट (माणसाऐवजी प्रोग्रामनं चालवलेले खेळाडू) भरपूर, झाडाखाली सहा जण एकाच तालात कुऱ्हाड मारताना दिसतात. विकी (गेमची माहिती देणारी वेबसाइट) उघडून ठेवल्याशिवाय अर्धी कामं होत नाहीत. मोबाईलवर बटणं बारीक, मी दोनदा जेवायचा लॉबस्टर जमिनीवर टाकला. आणि वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे जिथं खेळणारे एकमेकांना मारू शकतात त्या भागात, कुणाच्या मागं जाऊ नका, एकानं फुकट चिलखत देतो म्हणून नेलं आणि माझंच काढून घेतलं, अशा माणसांची काही कमी नाही.

नेटचं विचारणारे विचारतात म्हणून सांगतो, मी इंग्लंड आणि जर्मनीच्या वर्ल्डवर (सर्व्हरवर) खेळतो, पिंग, म्हणजे तिथं सिग्नल जाऊन यायचा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या वरच असतो, पण गेमच ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतो त्यामुळं मासे, झाडं, स्वयंपाक याला काही फरक पडत नाही. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर चालतो, तेच अकाउंट फोनवर पण. पहिले तीन महिने फुकटच खेळा, मेंबरशिप लगेच घेऊ नका. आणि लॉबस्टर स्वयंपाकाच्या ४० लेव्हलला शिजवता येतो खरं, पण ७४ होईपर्यंत मधे मधे जळणारच, त्यामुळं ड्रॅगनला जाताना दहा-बारा जास्तीचे पकडून ठेवा.