एपीआय फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट: सात बाटल्या आणि त्यांतली एक हट्टी

नवी टाकी भरली, चार दिवसांनी मासे सोडले आणि दहाव्या दिवशी मॉली पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागल्या. पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ. दुकानात विचारलं तर कुणी म्हणतं पाणी बदला, कुणी म्हणतं अजिबात हात लावू नका, आणि तिसरा निळ्या औषधाची बाटली पुढे सरकवतो. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया होतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे बरंच सौम्य नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. माशांना मारणाऱ्या अमोनिया आणि नायट्राइट दोन्हींना रंग नसतो, त्यामुळे हे तिघेही अंदाजानेच बोलत असतात. तो अंदाज संपवणं हे पाणी तपासायच्या या किटचं काम. ते काम किट चोख करतं, फक्त थेंब मोजणाऱ्याने घाई करायची नाही.

खोक्यात सात बाटल्या, झाकणाच्या चार काचेच्या नळ्या, नळ्या उभ्या करायचा स्टँड आणि रंगांचं कार्ड असतं. खोक्यावरचा आठशेहून जास्त चाचण्यांचा दावा खरा आहे, पण त्याची फोड बघून घ्यावी: पीएचच्या 250, जास्त पीएचच्या 160, अमोनियाच्या 130, नायट्राइटच्या 180 आणि नायट्रेटच्या फक्त 90. टाकी एकदा बसली, म्हणजे तिच्यात हे जिवाणू पुरेसे वाढले, की दर आठवड्याला लागते ती नायट्रेटचीच चाचणी, म्हणजे ती बाटली पावणेदोन वर्षांत संपते. पीएचचं द्रावण अर्धंसुद्धा न वापरता मुदतबाह्य होतं. तेव्हा आठशेच्या आकड्याला भागून एका चाचणीचा खर्च काढत बसू नये.

सगळ्या चाचण्यांची सुरुवात एकच. नळी टाकीच्याच पाण्याने दोनदा विसळायची आणि 5 मिलिच्या रेघेपर्यंत भरायची. पाण्याची कड काचेवर किंचित वर चढते. रेघेशी जुळवायचा तो मधला खोलगट भाग. बाटली पूर्ण उलटी, अगदी सरळ उभी धरायची. तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो आणि आठ थेंब प्रत्यक्षात सात किंवा नऊ होतात. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून हलवायची सवय अनेकांना असते. ती सोडावी, कारण घामातही अमोनिया असतो, शिवाय द्रावणं कातडीला चांगली नाहीत.

अमोनियासाठी पहिल्या बाटलीचे 8 थेंब, दुसऱ्या बाटलीचे 8 थेंब, झाकण लावून 5 सेकंद जोरात हलवणं आणि 5 मिनिटं थांबणं. पिवळा रंग म्हणजे शून्य, हिरवटपणा जसा वाढेल तसा आकडा वाढतो. खरी पंचाईत शून्य आणि 0.25 पीपीएम (म्हणजे लिटरला मिलिग्रॅम) यांच्यात होते. ट्यूबलाइटच्या किंवा पिवळ्या एलईडीच्या उजेडात स्वच्छ पाणीही 0.25 वाटतं आणि माणूस उगाच रोज पाणी बदलत बसतो. नळी दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, कार्डाच्या पांढऱ्या भागासमोर धरावी. तरी शंका राहिली तर दुसऱ्या नळीत डिस्टिल्ड वॉटर घेऊन तीच चाचणी शेजारी करावी. हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी पेट्रोल पंपावर मिळतं. दोन नळ्या सारख्याच दिसल्या तर टाकीत अमोनिया नाही, विषय संपला. पाण्यात बदामाची पानं किंवा लाकूड ठेवलं असेल तर पाण्याचा स्वतःचा पिवळा रंगही वाचनात मिसळतो. त्यासाठी थेंब न घातलेल्या टाकीच्या पाण्याची एक नळी बाजूला ठेवून दोन्हींमधला फरक वाचावा.

आता जे कार्डावर लिहिलेलं नाही ते. किट एकूण अमोनिया दाखवतं. त्यातला माशाच्या कल्ल्यांना जाळणारा भाग किती, हे पीएच आणि तापमानावर ठरतं. 28 अंशांना पीएच 7 असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच 8 झाला की तोच भाग साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे मऊ पाण्याच्या टाकीतला 1 पीपीएम आणि बोअरच्या पाण्याच्या टाकीतला 1 पीपीएम यांत नऊपट फरक. म्हणून अमोनियाची चाचणी पीएचशिवाय करूच नये. पीएच 7.8 च्या वर आणि अमोनिया 0.5 असेल तर त्याच दिवशी अर्धं पाणी बदलायचं, क्लोरीन काढून आणि टाकीइतक्याच तापमानाचं. पीएच 7 च्या आत असेल तर खाणं दोन दिवस बंद करून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं तरी चालतं.

पीएचच्या दोन बाटल्या का, हा नेहमीचा प्रश्न. साधी बाटली (3 थेंब) 6.0 ते 7.6 दाखवते, जास्त पीएचची (5 थेंब) 7.4 ते 8.8. साध्या बाटलीत गडद निळा आला तर त्याचा अर्थ "7.6 किंवा त्याहून कितीही जास्त", म्हणून दुसरी वापरायची. तसंच उलट टोकाला पिवळा म्हणजे 6.0 किंवा त्याहून कमी. हे दुसरं टोक मुंबईकरांनी लक्षात ठेवावं. तानसा, वैतरणा, भातसाचं तलावाचं पाणी मऊ असतं, त्यात आम्ल झेलणारे क्षार थोडे. फिल्टरमधले जिवाणू अमोनिया खाताना हे क्षारही संपवतात. मग पीएच 6 च्या खाली घसरतो, जिवाणू मंदावतात आणि सहा आठवडे झाले तरी अमोनिया उतरत नाही. कार्डावर मात्र "6.0" असा सोज्वळ पिवळा रंग दिसत राहतो. 45 लिटर पाण्याला अर्धा चमचा, सुमारे अडीच ग्रॅम, खाण्याचा सोडा विरघळवून घातला की गाडी पुन्हा चालू होते. मासे नसताना एकदम घालता येतो. मासे असतील तर दोन-तीन दिवसांत विभागून, कारण पीएच वर गेला की साचलेला अमोनिया विषारी होतो.

नायट्राइटची चाचणी सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत विश्वासाची: 5 थेंब, 5 सेकंद, 5 मिनिटं. आकाशी निळा म्हणजे शून्य, जांभळ्याकडे झुकला की समजावं. नायट्राइट रक्तातली ऑक्सिजन वाहण्याची ताकद काढून घेतं, म्हणून एअर पंप चालू असूनही मासे वर येऊन धापा टाकतात. इथे साधं मीठ कामाला येतं. 45 लिटरला 10 ग्रॅम मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. एवढ्याशा मिठाने कोरी किंवा टेट्रा या नाजूक माशांनाही त्रास होत नाही, आणि आयोडीनयुक्त मीठ चालत नाही ही समजूत चुकीची आहे. पाणी बदलायचंच, मीठ हा तोवरचा टेकू.

आणि आता ती हट्टी बाटली. नायट्रेटची दुसरी. या द्रावणात न विरघळणारा भाग असतो, तो तळाशी बसतो आणि काही महिन्यांत घट्ट होतो. तो न ढवळता 10 थेंब घातले तर चाचणी छान पिवळी येते आणि माणूस खूश होतो. खऱ्या टाकीत तेव्हा 80 पीपीएम असू शकतं. "माझ्या टाकीत नायट्रेट नेहमी शून्य" असं सांगणाऱ्या बहुतेकांच्या मागे हीच बाटली असते. पद्धत अशी: पहिल्या बाटलीचे 10 थेंब, नळी दोन-चारदा उलटीसुलटी. मग दुसरी बाटली हातात घट्ट धरून पुरे 30 सेकंद जोरात हलवायची. सूचनापत्रकात 30 सेकंद लिहिलेत, पण बाटली महिनाभर उभी असेल तर आधी टेबलाच्या कडेवर दहा-बारा वेळा आपटून तळ सुटा करावा आणि मग दोन मिनिटं हलवावी. त्यानंतर 10 थेंब, आणि नळी पूर्ण एक मिनिट हलवत राहायची, मोबाइलवर घड्याळ लावून. शेवटी 5 मिनिटं. एवढ्या कसरतीनंतरही 40 आणि 80 हे दोन लाल रंग कार्डावर जवळजवळ जुळे आहेत. या किटच्या रचनेतला हा खराच उणेपणा. उपाय सोपा आहे: अर्धं टाकीचं आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी घेऊन चाचणी करायची आणि आलेल्या आकड्याची दुप्पट. घरच्या आरओचं पाणी यासाठी घेऊ नये. चव यावी म्हणून अनेक यंत्रं थोडं कच्चं पाणी त्यात परत मिसळतात, त्यामुळे त्यात नायट्रेट असू शकतं.

टाकीत नायट्राइट चढलेलं असताना नायट्रेट मोजू नये. ही चाचणी नायट्रेटचं नायट्राइट करूनच रंग दाखवते, त्यामुळे आधीचं नायट्राइटही त्यात धरलं जातं.

बोअरवेलवाल्यांनी टाकीआधी नळाचं पाणी तपासावं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा 45 मिग्रॅ प्रति लिटर आहे, म्हणजे पिण्यायोग्य पाण्यातही 40 असू शकतं. खतांचा वापर असलेल्या शेतीच्या पट्ट्यातल्या विहिरींत त्याहून जास्त सापडतं. अशा पाण्याने आठवड्याला 30 टक्के बदल करून टाकीतलं नायट्रेट 20 वर येणं शक्यच नाही, आणि दोष फिल्टरला दिला जातो. तिथे पोथॉस म्हणजे मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडणं किंवा भरपूर झाडं लावणं हाच मार्ग.

किटची किंमत सगळ्यांत जास्त वसूल होते ती माशांशिवाय टाकी बसवताना. यासाठी अमोनियाचा सोपा स्रोत म्हणजे नवसागर, अर्थात अमोनियम क्लोराइड. कल्हईवाल्यांकडचा खडा नको, रसायनांच्या दुकानातला शुद्ध घ्यावा. 10 ग्रॅम नवसागर 1 लिटर पाण्यात विरघळवून ठेवायचा. 2 फूट बाय 1 फूट बाय 1 फूट टाकीत वाळू वगैरे धरून 45 लिटर पाणी राहतं, त्यात या द्रावणाचे 27 मिलि घातले की साधारण 2 पीपीएम अमोनिया होतो. कार्डावर तो आकडा आला का, ते तासाभराने बघावं. किटच्या आणि आपल्या हाताच्या तपासणीला याहून चांगली संधी नाही. मग दोन दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं. अमोनिया शून्याशी आला की पुन्हा तेवढाच डोस. नायट्राइट कार्डाच्या शेवटच्या रंगाला, म्हणजे 5 ला टेकलं तर 1 मिलि टाकीचं आणि 4 मिलि डिस्टिल्ड पाणी घेऊन आकड्याला पाचाने गुणायचं, नाहीतर ते 5 आहे की 20 हे कळत नाही. आपल्याकडच्या 26 ते 28 अंशांत याला चार ते सहा आठवडे लागतात. चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर बरेच कमी. 2 पीपीएमचा डोस 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्हींच्या शून्यावर आला की टाकी तयार. मोठा पाणीबदल करायचा आणि मासे आणायचे.

किटमध्ये काय नाही? जीएच आणि केएच, म्हणजे पाण्याचा कठीणपणा आणि आम्ल झेलण्याची क्षमता, यांच्या बाटल्या नाहीत. सोड्याचा जो प्रकार वर सांगितला तो केएच मोजून करणं कधीही चांगलं, आणि मास्टर म्हणवणाऱ्या किटमध्ये तो नसावा हे खटकतं. त्या वेगळ्या घ्याव्या लागतात. वापरायला मात्र सोप्या, रंग पालटेपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे एक अंश. क्लोरीनची चाचणीही नाही. पावसाळ्यात पालिकेच्या पाण्याला क्लोरीनचा वास वाढतो तेव्हा सगळे आकडे शून्य दाखवूनही पाणीबदलानंतर मासे आडवे होऊ शकतात. अँटीक्लोरीनचा डोस तेव्हा विसरायचा नाही.

पट्ट्यांची चाचणी स्वस्त वाटते, पण बाजारातल्या नेहमीच्या पाच-सहा खणांच्या पट्टीवर अमोनियाच नसतो, आणि जूननंतर कोकण-मुंबईच्या दमट हवेत डबी चार वेळा उघडली की पट्ट्या फिक्या पडतात. ज्यांना पूर्ण किट परवडत नाही (दोन फुटी टाकीच्या काचेपेक्षा हे महाग पडतं) त्यांनी अमोनिया आणि नायट्राइटची सुटी किट घ्यावीत. पहिल्या दोन महिन्यांत जीव वाचवणाऱ्या चाचण्या त्याच. एकच टाकी आणि चार गप्पी असतील तर एवढं पुरे. दोन-तीन टाक्या, एंजल किंवा डिस्कस असतील तर पूर्ण किटच घ्यावं.

अमोनिया आणि नायट्रेटच्या बाटल्यांत तीव्र अल्कली आणि आम्ल आहेत, त्यामुळे लहान मुलांच्या हाताला लागू नयेत आणि वापरलेलं पाणी चुकूनही टाकीत ओतू नये. झाकणं एकमेकांची अदलाबदल झाली की द्रावण बिघडतं. एका वेळी एकच बाटली उघडावी. नळ्या नळाखाली धुऊन पालथ्या वाळवाव्यात. किट बाल्कनीत किंवा टाकीच्या दिव्याशेजारी ठेवू नये, कपाटात ठेवावं. आणि घेताना दुकानातच खोकं उघडून सातही बाटल्यांवरची तारीख वाचावी, नायट्रेटच्या दुसरीची सगळ्यांत आधी. तळाशी दगड झालेली असेल तर दुसरं खोकं मागावं.